मुठा खोऱ्यातला राब, भाताची काळी राख आणि कार्बनचा बाजार

पिरंगुट सोडून लवासाच्या रस्त्याला लागलं की पुढे मुठा गाव येतं. आणखी वर गेलं की टेमघर धरण. पुण्याच्या नळाला जे पाणी येतं, त्यातलं काही याच खोऱ्यातून खडकवासल्यात उतरतं. एप्रिल-मेमध्ये या रस्त्याने गेलात तर भाताच्या खाचरांमध्ये एका कोपऱ्यात काळे चौकोन दिसतात. तो राब. झाडांचा टाहाळ, पालापाचोळा, शेण, गवत असे थर रचायचे, वरून मातीचा पातळ हात फिरवायचा आणि पेटवून द्यायचं. पाऊस आला की त्याच भाजलेल्या जमिनीत भाताचं बी पेरायचं, रोपं वर आली की उपटून खाचरात लावायची. मावळ-मुळशीपासून रायगड-रत्नागिरीपर्यंत पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलं आहे. दक्षिण कोकणात काही ठिकाणी याला भाजावळ म्हणतात.

आज हा विषय काढण्याचं कारण म्हणजे बातम्यांत सारखा येणारा एक शब्द, बायोचार. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने वराह नावाच्या भारतीय कंपनीकडून एक लाख टन कार्बन क्रेडिट घ्यायचा करार केला. गुजरातमध्ये माजलेल्या वेड्या बाभळीचा कोळसा करून तो जमिनीत घालायचा, असं त्याचं स्वरूप. वर्षभराने, जानेवारी २०२६ मध्ये, मायक्रोसॉफ्टने त्याच कंपनीशी तेवढ्याच आकाराचा करार केला आणि या वेळी कच्चा माल होता महाराष्ट्रातल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा. म्हणजे विषय आपल्या राज्यात येऊन पोहोचला आहे. व्हॉट्सअॅपवर ‘शेतातला कचरा विका, कार्बनचे पैसे मिळवा’ असे मेसेजही फिरू लागले आहेत. आपल्या वाचकांमध्ये कोकणातली कितीतरी घरं आहेत. महाड, म्हसळा, श्रीवर्धन, खेड, दापोली, चिपळूण इकडे आजही खाचरं आहेत आणि कसणारे हात मात्र मुंबईत नाहीतर आखातात आहेत. पुणे जिल्ह्यातही आपली घरं शेतीत आहेत, भाताच्या व्यापारात आहेत. म्हणून आम्हाला वाटलं की कुणी कागद घेऊन दारात येण्याआधी या गोष्टीचा नीट हिशोब मांडावा.

राख आणि कोळसा यात फरक हवेचा

बायोचार म्हणजे काही नवीन रसायन नाही. लाकूड, तूस, काटक्या, असा कोणताही सुका जैव माल हवा कमीत कमी देऊन साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवला की त्याचा कोळसा होतो. तो इंधन म्हणून जाळण्याऐवजी मातीत मिसळला की त्याला बायोचार म्हणायचं. एवढीच व्याख्या.

मुख्य मुद्दा पुढे आहे. झाड हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन वाढतं. त्याचं पान गळून कुजलं की तो कार्बन काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत, परत हवेत जातो. पेटवलं तर तासाभरात जातो. पण कोळसा केला तर मूळच्या कार्बनपैकी जवळपास निम्मा त्या काळ्या तुकड्यात अडकतो आणि जंतूंना तो सहजासहजी खाता येत नाही. बकरी ईदला सीख-कबाबसाठी आणलेल्या कोळशाचं उरलेलं पोतं आठवा. पुढच्या ईदपर्यंत माळ्यावर पडून असतं. ना कुजतं, ना त्याला वाळवी लागते. मातीतही तेच होतं. तिथे तो शेकडो वर्षं टिकतो. दक्षिण अमेरिकेत अॅमेझॉनच्या जंगलात माणसांनी कोळसा, हाडं, खापऱ्या, कचरा मिसळून तयार झालेली काळी माती आहे. युरोपियन तिथे पोहोचण्याच्या आधीपासूनची ती माती आजही आसपासच्या पिवळ्या-तांबड्या जमिनीपेक्षा कसदार आहे. बायोचारची सगळी चर्चा तिथूनच सुरू झाली.

मग आपला राब काय आहे? राबात हवा मोकळी असते. वरच्या मातीच्या थरामुळे आग थोडी दबते, त्यामुळे खाली काही काळे तुकडे राहतात, पण बहुतेक मालाची पांढरी राख होते. राखेत पालाश असतं, चुना असतो, पण कार्बन जवळजवळ सगळा उडून गेलेला असतो. थोडक्यात, मुठा खोऱ्यातला शेतकरी दरवर्षी बायोचारच्या अगदी दारापर्यंत जातो आणि आत न जाता परत येतो.

यावर शहरातला माणूस पटकन म्हणतो, मग राब बंद करा. हे म्हणणं सोपं आहे. राब भाजण्यामागे शेतकऱ्याची कारणं आहेत आणि ती खरी आहेत. भाजल्यामुळे वरच्या थरातलं तणाचं बी मरतं. जूनच्या पावसात रोपवाटिकेत तण काढत बसायला कुणाला वेळ आहे? राखेमुळे रोप जोमाने उठतं आणि माती भुसभुशीत राहिल्याने मुळं न तुटता उपटता येतं. कृषी विद्यापीठं कित्येक वर्षांपासून गादीवाफ्यावर, शेणखत घालून, न भाजता रोपं करायला सांगत आली आहेत. ते चांगलंच आहे. तरीही राब टिकला, कारण त्याने जे काम होतं त्याची किंमत पैशात द्यावी लागत नाही. किंमत द्यावी लागते ती झाडांना. डोंगरातल्या ऐन-किंजळाच्या फांद्या वर्षानुवर्षं छाटल्या जातात. ते ओझं डोक्यावरून खाली आणतात त्या बहुतेक बायका. भाजण्याचा धूरही त्यांच्याच वाट्याला.

कोळशाला गिऱ्हाईक आहे, हीच अडचण

बायोचारवर बोलणारे एक गोष्ट सांगत नाहीत. लाकडाचा कोळसा विकला जातो. आपल्यातल्या हॉटेलवाल्यांना, तंदूर चालवणाऱ्यांना, शादीचा खाना करणाऱ्या भटाऱ्यांना त्याचा भाव तोंडपाठ असतो. ज्या वस्तूला रोकडा पैसा मिळतो ती वस्तू गरीब माणूस जमिनीत का पुरेल? तो विकेल, आणि त्याचं काही चुकणार नाही. मग तो कोळसा कुठल्यातरी सिगडीत जळेल आणि कार्बन हवेत जाईल.

पुण्यातच याचं उदाहरण आहे. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी तयार केली. ऊस तुटला की फडात पाचट पेटवून देतात, ते वाया जाऊ नये हा उद्देश. त्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडायच्या आणि चुलीला वापरायच्या. २००२ मध्ये या कामाला लंडनचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. तंत्र उत्तम होतं, आजही आहे. पण त्याची दिशा चुलीकडे होती, मातीकडे नाही. चुलीत गेलेला कोळसा लाकूड वाचवतो, धूर कमी करतो, हा फायदा लहान नाही. तरी मातीत गेलेल्या कोळशाचा हिशोब वेगळा, आणि हे दोन हिशोब एकमेकांत मिसळले की कार्बनच्या नावाने फसवणूक सुरू होते.

दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. सह्याद्रीत कोळशाच्या भट्ट्यांचा इतिहास चांगला नाही. कातकरी कुटुंबं उचल घेऊन, बायकापोरांसह महिनोन् महिने भट्टीवर राबत आली. हिशोब मालकाच्या वहीत. उचल कधी फिटायची नाही. वेठबिगारीच्या कितीतरी कहाण्या या कोळशाच्या धुरातल्याच आहेत. उद्या ‘हवामान वाचवा’ म्हणत कोळशाची मागणी वाढली आणि माल पुरवायला पुन्हा तेच डोंगर, तीच माणसं लागली, तर त्याला हिरवं काम म्हणायला आम्ही तयार नाही. म्हणून पहिली अट ही, की माल असा हवा ज्यासाठी एकही फांदी तोडावी लागणार नाही आणि ज्याच्या कोळशाला सिगडीचं गिऱ्हाईक नसेल.

तसा माल आपल्याकडे आहे: भाताचं तूस

तुसाचा कोळसा म्हणजे काळा भुगा. तंदुरात घालता येत नाही, सिगडीत टिकत नाही. म्हणून त्याची जागा मातीतच. आणि हे महाराष्ट्रात नवीन अजिबात नाही. डॉ. नारायण सावंत यांच्या नावाने ओळखली जाणारी चारसूत्री भातशेती भातपट्ट्यातल्या जुन्या शेतकऱ्यांना माहीत आहे. तिच्यातलं पहिलं सूत्रच भाताच्या अवशेषांचा फेरवापर आहे. रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळायची आणि मुख्य खाचरात चिखलणीच्या वेळी थोडा पेंढा गाडायचा. दुसरं सूत्र गिरीपुष्पाचा पाला. तिसरं नियंत्रित लावणी, म्हणजे चार चुडांचा चौकोन करत दोरीवर लावत जायचं. चौथं, त्या चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी चिखलात खोल खुपसायची.

पहिल्या सूत्रातला शब्द बघा, ‘काळी’ राख. पांढरी नाही. पूर्ण जळलेली नाही, अर्धवट जळलेली. तुसात सिलिका भरपूर असते. ती रोपाला मिळाली की रोप ताठ, दणकट होतं आणि खोडकिड्याला सहज पोखरता येत नाही. त्या काळी हवामान बदलाची चर्चा शेतकऱ्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. सांगणाऱ्यांनी रोपाच्या तब्येतीसाठी सांगितलं. पण आज जगभर ज्याला बायोचार म्हणून गौरवलं जातं, तेच हे. जपानमध्ये तुसाच्या याच कोळशाला कुंतान म्हणतात आणि रोपवाटिकेत तो वापरायची तिथेही जुनी रीत आहे.

करायची पद्धत कुणालाही जमण्यासारखी आहे. जुन्या पत्र्याच्या डब्याला सगळीकडून भोकं पाडायची, वर धुराडं म्हणून पाइप लावायचा. डब्यात विस्तव करून तो मध्ये ठेवायचा आणि भोवती तुसाचा ढीग घालायचा. ढीग आतून बाहेर काळा होत येतो. काळेपणा बाहेरपर्यंत पोहोचला की फावड्याने उलटायचं आणि लगेच भरपूर पाणी मारून विझवायचं. उशीर केला, झोप लागली, तर सकाळी पांढरी राख हातात येते आणि सगळा खटाटोप फुकट. कोरडा भुगा हाताळताना नाकाला ओलं फडकं बांधावं, ती धूळ छातीला वाईट. ताजा कोळसा तसाच मातीत टाकू नये. तो आधी मातीतलं नत्र स्वतःकडे ओढतो आणि रोपं पिवळी पडतात. शेणकाल्यात किंवा गोठ्यातल्या मुतात कालवून दोन-तीन आठवडे मुरू द्यायचा, मग वाफ्यात मिसळायचा. धुराचं म्हणाल तर ढीग धुमसताना धूर होतोच आणि त्यात मिथेनही असतं. बंद भट्टी, ज्यात निघणारा वायू पुन्हा जळतो, ती नक्कीच चांगली. पण ती एका घराच्या आवाक्यातली नाही. गिरणीच्या किंवा गावाच्या पातळीवरच परवडेल.

आता हिशोब. एक टन भाताची गिरणी केली की साधारण २०० किलो तूस निघतं. त्याचा नीट कोळसा केला तर ७० ते ८० किलो. तुसाच्या कोळशात राखेचा भाग जास्त, म्हणून कार्बन निम्म्याहूनही थोडा कमी. सगळं धरून एका टन भाताच्या तुसातून हवेतला साधारण १२० किलो कार्बन डायऑक्साईड मातीत अडकतो. एकरी एक टन भात पिकलं असं धरा, म्हणजे एकराला १२० किलो.

दुसऱ्या बाजूला त्याच एकरातून काय सुटतं ते पाहू. पाणी साचलेल्या चिखलात हवा नसते. तिथले जंतू मिथेन तयार करतात आणि भाताच्या पोकळ दांड्यातून तो वर येतो. शंभर वर्षांच्या हिशोबात हा मिथेन कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे २७ पट तापदायक. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाचं दक्षिण आशियासाठीचं ढोबळ प्रमाण घेतलं, पावसावरच्या शेतीसाठी ते कमी करून लावलं, तर एका हंगामात एकरी २० किलोच्या आसपास मिथेन निघतो. म्हणजे साडेपाचशे किलो कार्बन डायऑक्साईडएवढा ताप. तुसाच्या कोळशाने त्याचा पाचवा हिस्सा भरून निघेल. आम्हाला हा आकडा लहान वाटत नाही. पण ‘बायोचारने भातशेती कार्बनमुक्त’ अशी जाहिरात कुणी करत असेल तर ती खोटी आहे, एवढं यातून कळतं.

पंजाबात किंवा तमिळनाडूत मिथेन कमी करायला शेतातलं पाणी मधून मधून काढून टाका असं सांगतात. तिथे ते जमतं, कारण पाणी मोटरीने किंवा कालव्याने येतं. जुलैत मुठा खोऱ्यात पाणी आकाशातून येतं आणि थांबत नाही. वरच्या खाचरातून काढलं तर ते खालच्याच्या खाचरात जाणार, आणि मग बांधावर भांडण. त्यामुळे तो उपाय इथे कागदावरच राहतो. कोळशाचं महत्त्व इथे थोडं वाढतं ते यामुळे.

आणि एक फायदा मिथेनच्या हिशोबाबाहेरचा आहे. युरिया वरून फेकला की त्यातलं बरंच नत्र वाहून जातं, काही हवेत उडतं, आणि काहीचा नायट्रस ऑक्साईड होतो. हा वायू कार्बन डायऑक्साईडच्या २७३ पट तापदायक. बायोचार मातीत असेल तर नायट्रस ऑक्साईड कमी निघतो, असं जगभरच्या प्रयोगांची बेरीज करणाऱ्या अभ्यासांत दिसतं. २०१४ च्या एका अभ्यासात सरासरी घट ५४ टक्के होती, २०१९ च्या आणखी मोठ्या अभ्यासात ३८ टक्के. प्रयोगशाळेतल्या कुंडीपेक्षा शेतात परिणाम कमी, हेही त्यात आलं. चारसूत्रीतली खोल खुपसलेली गोळी हेच काम दुसऱ्या बाजूने करते, नत्र मुळाशीच ठेवते. राख आणि गोळी एकत्र सांगणाऱ्या माणसाला मातीची जाण किती होती, हे आज लक्षात येतं.

उत्पन्न वाढतं का? २०१७ मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. उष्ण प्रदेशात बायोचारने पीक सरासरी २५ टक्के वाढलं, थंड देशांत काहीच वाढलं नाही. कारण साधं आहे. उष्ण, जास्त पावसाच्या प्रदेशातली जमीन आम्लधर्मी आणि धुऊन गेलेली असते. कोळसा चुन्यासारखं काम करतो, आम्लता कमी करतो. मुळशीतली डोंगरउताराची तांबडी माती, कोकणातली जांभ्याची माती या वर्गात बसते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती मुळातच अल्कधर्मी, तिथे हा फायदा मिळायचा नाही. पण त्या २५ टक्क्यांमागे हेक्टरी १५ टनांच्या आसपास बायोचार आहे. एकरी सहा टन! आणि आपल्या एकरातून निघतो ७५ किलो. म्हणून अख्ख्या खाचराला बायोचार घालण्याच्या गप्पा मुठा खोऱ्यात व्यर्थ आहेत. ७५ किलो दीड गुंठ्याच्या रोपवाटिकेला मात्र पुरतो. नेमकी तीच जागा जिथे आज राब भाजतात. दरवर्षी त्याच जागेवर घातला तर पाच-सात वर्षांत तो दीड गुंठा खरोखर काळा होईल.

यातही एक अडथळा आहेच. गावातल्या जुन्या हलरवर तूस आणि कोंडा एकत्र दळून निघतो आणि गुरांच्या पुढ्यात जातो. त्याचा कोळसा करायला कुणी सांगितलं तर शेतकरी हसेल. तूस वेगळं निघतं ते मोठ्या, नव्या गिरण्यांत, आणि तिथे वीटभट्टीवाले आणि पोल्ट्रीवाले आधीच रांगेत असतात. म्हणजे फुकट म्हणावं असं तूसही पूर्ण फुकट नाही. वीटभट्टीतून आणि बॉयलरमधून जी काळी राख उरते, ती मात्र पुष्कळदा रस्त्याकडेला ओतलेली दिसते. सुरुवात तिथून करता येईल. फक्त त्या भट्टीत प्लास्टिक किंवा टायर जळत नाही ना, हे आधी डोळ्यांनी पाहून घ्यायचं.

पैसे कुणाचे?

आता कार्बनच्या पैशांकडे. एक टन कार्बन डायऑक्साईड म्हणजे एक क्रेडिट. बायोचारच्या क्रेडिटला जागतिक बाजारात अलीकडे सव्वाशे-दीडशे डॉलरच्या आसपास भाव मिळत आला आहे. आपले १२० किलो म्हणजे क्रेडिटचा आठवा भाग. रुपयांत चौदाशे-पंधराशे. आणि ही परदेशातला विकत घेणारा मोजतो ती किंमत. त्यातून भट्टी, वाहतूक, मोजमाप, तपासनीस, कंपनीचा नफा वजा करा. मुठ्यातल्या एकरभर भातवाल्याच्या हातात काय पडेल? एका दिवसाची मजुरीही कदाचित नाही.

कपाशीचं गणित निराळं आहे. पऱ्हाट्या वजनाला जास्त, एका जागी ढिगाने मिळतात, आणि शेतात उभ्या राहिल्या तर गुलाबी बोंडअळीला आसरा देतात, म्हणून शेतकऱ्यालाही त्या उपटून द्यायच्याच असतात. मायक्रोसॉफ्टच्या करारातली योजना मोठ्या यंत्रभट्ट्यांची आहे आणि त्यात हजारो लहान शेतकरी येतील असं सांगितलं गेलं आहे. ती चालली तर चांगलंच. आमचा प्रश्न एवढाच की त्या शेतकऱ्याला पऱ्हाटीचा भाव मिळणार की क्रेडिटमधला वाटा? या दोन्हींत फार अंतर आहे. पऱ्हाटी विकणारा कच्च्या मालाचा पुरवठादार असतो. क्रेडिटमध्ये वाटा असणारा भागीदार असतो. भाव डॉलरमध्ये वाढला तर पहिल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये देशाची स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली आहे. त्यामुळे हा बाजार आज ना उद्या गावापर्यंत येणार. आणि तो आला की पहिला कागद मागेल सातबारा. इथे आपल्या घरांची खरी अडचण सुरू होते. किती घरांत सातबारा अजून दादाच्या किंवा परदादाच्या नावावर आहे? एक वारस कुवेतला, एक मुंब्र्याला, फुफींचं नाव चढवलेलंच नाही, कसतो कुणी तिसराच, अर्धेलीने किंवा खंडाने. कार्बनचा करार दहा-पंधरा वर्षांचा असतो. त्यावर सही कुणी करायची? गावात राहणाऱ्या एका भावाने केली तर बाकीच्यांचा हिस्सा कुठे जातो? आणि जो प्रत्यक्ष चिखलात उभा राहून कोळसा मिसळतो, त्या कसणाऱ्याला यातलं काय? फराइजचा हिशोब आपल्याकडे अगदी स्पष्ट आहे. पण तो कागदावर उतरवायचा कंटाळा आपण पिढ्यान् पिढ्या केला. जमीन विकायची वेळ आली की तो आठवतो. कार्बनचा करार ही तशीच एक वेळ आहे, फरक इतकाच की यात जमीन जात नाही, म्हणून कुणी सावध होत नाही.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. मुळशी तालुक्याला असल्या सौद्याचा जुना अनुभव आहे. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. आंबेमोहोर पिकवणारी खाचरं पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला. तेव्हाही सगळ्यांना सांगितलं गेलं की यात देशाचं भलं आहे. आज त्याच तालुक्यात हिंजवडी आहे, जिथे संगणक कंपन्यांचे मोठमोठे मनोरे आहेत. आपल्या डेटा सेंटरच्या विजेचा ताप भरून काढायला कंपन्या जगभर क्रेडिट शोधत फिरतात. हिंजवडीपासून मुठा गाव काही तासाभराच्या पलीकडे नाही. गिरणीपाशी एक बंद भट्टी बसवायचा खर्च अशा एखाद्या कंपनीने केला आणि क्रेडिटचा हट्ट न धरता कोळसा शेतकऱ्याला परत दिला, तर आम्ही त्याचं मनापासून स्वागत करू. तसं होईल असं गृहीत धरून मात्र कुणी बसू नये. दरम्यान खोऱ्यातली खाचरं एक एक करून फार्महाऊसची प्लॉटिंग होत चालली आहेत, आणि त्या मातीत कार्बन किती, हे विचारायला कुणीही येत नाही.

तेव्हा आमचं मत असं. कपाशीवाल्यांनी करार करावा, पण वाटा मागून आणि मराठीत लिहिलेला कागद घेऊन. मुठा खोऱ्यातल्या आणि कोकणातल्या भातवाल्यांनी क्रेडिटच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्यांनी कोळसा करायचाच तर राबाऐवजी करावा. डोंगरातला टाहाळ वाचतो, बायकांचं एक ओझं कमी होतं, रोप ताठ होतं, हे फायदे घरातच राहतात. त्यांना कुणाच्या सहीची गरज नाही. हवामानाला जो १२० किलोचा आधार मिळेल तो मिळेल.

भाताची कापणी दिवाळीच्या सुमाराला होते आणि त्यानंतर गिरण्या सुरू होतात. ज्यांची खाचरं कुणी दुसरा कसतो, त्यांनी त्याच सुमारास गावाला एक फोन करावा. गिरणीवाल्याकडे तूस वेगळं निघतं का, आणि ते कुणाला जातं, हे विचारावं. आणि फोन लावलाच आहे तर सातबाऱ्यावर सध्या कुणाकुणाची नावं आहेत, तेही विचारून घ्यावं.